वाऱ्याची कचेरी

परदेशगमनाची जी कारणे आपल्या समाजात प्रतिष्ठित मानली गेली आहेत, त्यांत विद्यार्जन, द्रव्यार्जन, लेकीचे बाळंतपण आणि अलीकडे सहल-कंपनीच्या छत्रीमागून चालत युरोपातील सात राष्ट्रे एका पंधरवड्यात नजरेखालून घालणे, एवढ्यांचा निर्विवाद समावेश होतो. परंतु एका लांबट फळीवर उभे राहून, हातांत शीड धरून, हजारभर परक्या माणसांच्या गर्दीत समुद्रावर चाळीस किलोमीटरची शर्यत लावण्याकरिता पन्नाशी उलटलेला एखादा गृहस्थ फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर जाऊ म्हणतो, तेव्हा त्या कारणास कोणत्या सदराखाली घालावे, याविषयी त्याच्या आप्तमंडळींत गंभीर मतभेद उत्पन्न होतात. आमच्या दादरच्या मामांनी माझी जी उलटतपासणी घेतली, ती नमुन्यादाखल देण्यासारखी आहे.

"तिथं तुझं काम काय?"

"शर्यत आहे, मामा."

"ती झाल्यावर?"

"परत येणार."

"म्हणजे काम नाहीच," असा निवाडा देऊन त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला.

गृहखात्याचा आक्षेप निराळ्या स्वरूपाचा होता. गेली काही वर्षे मी सवड सापडेल तेव्हा गोव्यास जाऊन दोना पावलाच्या पाण्यावर या विद्येची उपासना करीत असल्यामुळे, तीत उभे राहण्याचा भाग किती आणि पडण्याचा भाग किती, हे प्रमाण आमच्या सौभाग्यवतींनी किनाऱ्यावर बसून प्रत्यक्ष पाहिलेले होते. "पाण्यात पडायचंच आहे ना," त्या म्हणाल्या, "मग दोना पावलाला तुम्ही काय वाईट पडता?"

विंडसर्फिंग या क्रीडेचे स्वरूप ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांस थोडक्यात सांगणे कठीण नाही. नौकेतून नौका काढून टाकावी, शीड आणि डोलकाठी तेवढी ठेवावी, ती डोलकाठी चहूकडे वळणाऱ्या सांध्याने एका फळीवर बसवावी, आणि सुकाणूचे काम माणसाच्या पाठीच्या कण्याकडे सोपवावे, म्हणजे हे वाहन सिद्ध होते. त्याच्या जन्माची कथा मात्र सांगण्यासारखी आहे, कारण ती समुद्रावर कमी आणि न्यायालयात अधिक घडली. कॅलिफोर्नियातील जिम ड्रेक हा विमानविद्येचा अभियंता आणि त्याचा मित्र हॉइल श्वाइत्झर यांनी १९६८ साली या युक्तीच्या पेटंटासाठी अर्ज केला. परंतु पेनसिल्व्हेनियातील न्यूमन डार्बी या पाट्या रंगवणाऱ्या कारागिराने शीड लावलेली फळी १९६४ सालीच पाण्यावर चालवली होती. आणि पुढे हा वाद इंग्लंडात पोहोचला तेव्हा असे निष्पन्न झाले की, पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या एका मुलाने १९५८ साली हेलिंग बेटाच्या किनाऱ्यावर घरच्या घरी तेच करून ठेवलेले होते. तेथील अपील न्यायालयाने त्या मुलाच्या सुटीतील खेळाची यथोचित दखल घेऊन अमेरिकन पेटंटधारकांचा इंग्लंडातील दावा निकालात काढला. जी क्रीडा अशा रीतीने साक्षी-पुराव्यांतून तावून-सुलाखून निघाली, तिच्यात भाग घेऊ इच्छिणाऱ्यानेही प्रथम कागदपत्रांच्या समुद्रातून पार व्हावे, यात अन्याय असा काही नाही.

त्या कागदपत्रांतील पहिला कागद वैद्यकीय दाखल्याचा. फ्रान्समध्ये शर्यतीत उतरणाऱ्याने, त्या खेळास आपल्या प्रकृतीचा प्रत्यवाय नाही, असे डॉक्टरांच्या सहीनिशी लिहून आणावे, अशी तेव्हा वहिवाट होती. आमचे डॉक्टर हे रक्तशर्करा, पित्त आणि गुडघे या तीन खात्यांवर गेली वीस वर्षे माझा हिशेब ठेवून आहेत. त्यांनी तो नमुना चष्मा वर करून एकदा आणि चष्मा खाली करून एकदा वाचला, माझ्या गुडघ्यावर लहानशी हातोडी मारली, गुडघ्याने अपेक्षित तो निषेध नोंदवला, आणि मग लेखणी हातात घेऊन ते म्हणाले, "अहो, 'प्रत्यवाय दिसत नाही' एवढंच लिहायचं आहे ना? 'शहाणपण दिसतं' असं कुठं लिहून मागितलेलं नाही, तेव्हा माझी सही करायला हरकत नाही."

दुसरा कागद व्हिसाचा. अर्जात प्रवासाच्या हेतूसाठी चौकोन छापलेले असतात, आणि त्यांत पर्यटन, व्यापार, आप्तेष्टांची भेट यांच्या पंक्तीला 'क्रीडा' असाही एक चौकोन असतो, हे पाहून मला जो आनंद झाला तो खिडकीपलीकडच्या तरुण कारकुनाच्या मुद्रेने फार काळ टिकू दिला नाही. त्याने चौकोनाकडे पाहिले, माझ्या उदराकडे पाहिले, पुन्हा चौकोनाकडे पाहिले आणि मोठ्या अदबीने "सर, आपण संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून जाताय का?" असे विचारले. विम्याचा कागद मात्र घरी फार लोकप्रिय ठरला. तीस हजार युरोंच्या त्या विम्यात, धारकास काही बरेवाईट झाल्यास त्याचा देह सरकारी इतमामाने नव्हे तरी विमाकंपनीच्या खर्चाने स्वदेशी पोहोचवण्याची तरतूद असते. ते कलम सौभाग्यवतींनी सावकाश वाचले, आणि या एकंदर प्रकरणाबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर समाधानाची पहिली छटा मला त्या वेळी दिसली.

फळी तिकडेच भाड्याने मिळणार असल्यामुळे मी केवळ शीड, काठीचे दोन तुकडे आणि अंगावरचा सरंजाम घेऊन निघालो. विमानतळावरील बाईंनी त्या लांब पिशवीत काय आहे असे विचारले, मी "शीड" म्हणून सांगितले, आणि त्यांनी माझ्या मागे पाहून "आणि होडी?" असा स्वाभाविक प्रश्न केला, याखेरीज प्रवासात उल्लेखनीय काही घडले नाही.

ग्रुइसाँ हे नार्बोन शहराजवळचे गाव खाऱ्या पाण्याच्या तळ्यांच्या काठी वसलेले आहे. मध्ये बार्बेरूस नावाचा भग्न बुरूज, त्याच्याभोवती घरांची वर्तुळे, बाहेर मिठागरे, आणि समुद्राच्या बाजूस वाळूवर लाकडी खांबांवर उभी केलेली शेकडो घरे, अशी त्याची रचना आहे. वादळाच्या दिवसांत समुद्र घरात येण्याऐवजी घराखालून जावा, ही त्या खांबांमागची योजना. १९८६ सालच्या 'बेटी ब्ल्यू' या चित्रपटामुळे ही घरे जगप्रसिद्ध झाली, परंतु शर्यतीच्या दिवसांत त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, कारण त्यांच्यासमोर जर्मनी, हॉलंड, बेल्जियम, पोलंड आणि आणखी कोठकोठल्या मोटारगाड्यांचे दुसरे गाव वसलेले असते, आणि त्या गावात प्रत्येक गाडीच्या मागील दारात पायावर पाय चढवून बसलेले कोणी तरी आभाळाकडे पाहत असते. मिसरूड न फुटलेल्या मुलांपासून दाढी पिकलेल्या आजोबांपर्यंत, आणि त्या आजोबांपेक्षा कणखर अशा काही आजींपर्यंत, हजाराहून अधिक स्पर्धक, या शतकाच्या आरंभापासून भरत आलेल्या या 'देफी विंड' नामक मेळ्यास जमतात. आणि एवढ्या जनसमुदायाचे एकमेकांशी बोलण्यासारखे काम एकच, ते म्हणजे वारा.

येथे त्या वाऱ्याचा परिचय करून देणे अवश्य आहे. त्यास त्रामोंतान म्हणतात. एका बाजूस पिरेनीज पर्वत आणि दुसऱ्या बाजूस फ्रान्सच्या मध्यभागातील डोंगराळ पठार, यांच्यामधील अरुंद वाटेत वायव्येकडील थंड हवा सापडली, म्हणजे ती कोंडल्याचा वचपा काढीत समुद्रावर धावून येते. स्थानिक लोक त्याला सेर्स म्हणतात, आणि हे नाव रोमन काळापासून चालत आले आहे. स्पेनातील अशाच नावाच्या वाऱ्याविषयी वृद्ध कॅटोने असे नमूद केले आहे की, तो बोलणाऱ्याचे तोंड भरून टाकतो आणि शस्त्रसज्ज सैनिकास व माल लादलेल्या गाडीस सारखेच आडवे करतो. पुढे सम्राट ऑगस्टस गॉल प्रांती मुक्कामास असता या वाऱ्याचा अनुभव घेता झाला, आणि ज्याच्या शब्दासरशी राज्ये खालसा होत त्या सार्वभौम पुरुषाने वाऱ्यावर कसलेही फर्मान न काढता निमूटपणे त्याचे देऊळ बांधले, असे सेनेका सांगतो. ऑगस्टसाची राजनीतिज्ञता ज्या प्रसंगांवरून सिद्ध करतात, त्यांत हा प्रसंग का घालत नाहीत हे मला उमगलेले नाही. वाऱ्याच्या या कचेरीत पहिला अर्ज त्याने केला. आम्ही हजारजण त्याच रांगेत मागाहून उभे राहिलेले.

गावकऱ्यांचा दृष्टिकोन मात्र अगदी भिन्न. जुन्या शेतघरांच्या वायव्येकडील भिंतीस ते खिडकी ठेवीत नसत. कॉफीगृहाची मालकीण वाऱ्याची पहिली झुळूक आली की खुर्च्या आत घेऊन त्याच्या नावाने बोटे मोडते. आणि तो एकदा सुटला की तीन, सहा किंवा नऊ दिवस वाहणार, अशी तेथील वृद्धांची श्रद्धा आहे. एखाद्या गावाला ज्या अंमलदाराची बदली व्हावी म्हणून नवस करावे लागतात, त्याच्याच नेमणुकीसाठी बाहेरगावचे हजार लोक पदरमोड करून शिष्टमंडळ घेऊन यावेत, असा हा प्रकार होता, आणि कॉफीगृहाची मालकीण आम्हांस कॉफी देताना ज्या नजरेने पाही, तिचा अर्थ मला त्यामुळे सहज लागत असे.

रोज सकाळी सर्व स्पर्धकांची सभा भरे. व्यासपीठावरून व्यवस्थापक फ्रेंच भाषेत दीर्घ आणि इंग्रजी भाषेत अल्प भाषण करीत, आणि दोहोंचा इत्यर्थ इतकाच असे की, हुजुरांची स्वारी अद्याप आलेली नाही, सबब सुनावणी दुपारपर्यंत तहकूब. मग खांबावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे तहकुबीचे निशाण चढे आणि ते वाऱ्याअभावी खांबालाच चिकटून राही. अशा वेळी त्या समुदायाची जी अवस्था होई ती पाहण्यासारखी असे. वक्तशीरपणाबद्दल जगद्विख्यात असलेल्या राष्ट्रांची माणसे आधी घड्याळाकडे, मग मोबाइलमधल्या हवामानाच्या नकाशाकडे, मग तळहातावर धरलेल्या वारामापकाच्या निश्चल पात्यांकडे पाहत आणि क्रमाक्रमाने खचत जात. एक जर्मन अभियंता तीन निरनिराळ्या भाकितांची सरासरी काढी. सरासरी अर्थातच चौथे भाकीत होई आणि तेही खोटे ठरे. डच मंडळी शिडे जोडीत, सोडीत आणि पुन्हा जोडीत. फ्रेंच लोक जेवत.

या सर्व कालखंडात शांतचित्त असा मी एकटाच होतो, आणि हे मी आत्मप्रौढीने सांगत नाही, कारण त्यात माझे वैयक्तिक कर्तृत्व मुळीच नाही. ज्याने सात-बाराच्या उताऱ्यावर आजोबांच्या नावाऐवजी वडिलांचे नाव चढवून घेण्यासाठी तालुक्याच्या बाकावर ऋतुचक्रे फिरताना पाहिली आहेत, 'साहेब दौऱ्यावर आहेत' या वाक्यातील काळ व्याकरणाच्या कोणत्याही काळात बसत नाही हे ज्याला बालपणापासून ठाऊक आहे, त्याला वाऱ्याच्या कचेरीत नवीन शिकण्यासारखे काय असणार? बाक कोठे सावलीत आहे, चहा कोठे मिळतो, आणि आत काय चालले आहे हे कोणत्या शिपायाला विचारावे, एवढे कळले की पुढचे आपोआप होते. मी त्या जर्मन अभियंत्यास हे तत्त्व समजावून सांगण्याचा यत्न केला. 'येईल' आणि 'आला' यांमध्ये 'येतोय' नावाची एक विस्तीर्ण अवस्था असते आणि सुज्ञ मनुष्य आपले बिऱ्हाड तीतच थाटतो, असे मी म्हणालो. त्याने विचारले, की तुमच्याकडे याचे काही प्रमाणपत्र मिळते काय. मिळते, पण ते घेण्यासाठी पुन्हा यावे लागते, असे मी त्यास सांगितले.

मग एके सकाळी, कोणतीही पूर्वसूचना न देता, हुजूर आले. रात्रीपासून खांबांवरची घरे करकरू लागली होती. उजाडता उजाडता वाळू गुडघ्याच्या उंचीने वाहू लागली. कॉफीगृहाच्या झडपा धडाधड मिटल्या आणि समुद्र किनाऱ्यापासून दूर पांढऱ्या रेघांनी भरून गेला. या क्षणासाठी जो समुदाय दिवसेंदिवस व्याकूळ झाला होता, तो आता हर्षाने नाचू लागेल असे कोणास वाटल्यास मनुष्यस्वभावाचे त्याचे ज्ञान तोकडे म्हटले पाहिजे. सर्वत्र एक प्रकारची स्तब्धता पसरली. काल 'तीस नॉटांखाली आपण पाण्यात पाय घालत नाही' असे सांगणारे वीर आज कोणते शीड लहानात लहान आहे, याचा शोध पिशव्यांतून घेत होते, आणि शौचकूपांपुढील रांग व्यासपीठापुढील गर्दीपेक्षा लांब झाली होती. ज्याची सही वर्षानुवर्षे मागितली तो अधिकारी स्वतःच दारात उभा राहिला, की अर्जदाराला अर्जातली चूक आठवते.

त्या पाण्याचा गारठा वसंत ऋतूतही हाडांपर्यंत जाणारा असल्यामुळे अंगावर रबरी पोशाख चढवावा लागतो. जुन्या, आटलेल्या अभ्र्यात नवी गच्च उशी भरण्याचा प्रसंग ज्या गृहिणींवर आला असेल त्यांस या विधीची कल्पना येईल. फरक इतकाच की येथे उशीनेच स्वतःला भरून घ्यायचे असते. शेजारच्या गाडीतील एका पोलिश आजोबांनी पाठीमागची चेन ओढण्याचे सौजन्य दाखवले आणि ती गळ्यापाशी पोहोचताच "आता श्वास घेऊ नका" अशा अर्थाची खूण केली, ती मी पुढील दोन तास बऱ्याच अंशी पाळली.

प्रारंभाची पद्धत अशी, की एक वेगवान नौका, जिला ससा म्हणतात, किनाऱ्याकडून निघून रेषेवरून आडवी धावत जाते आणि तिच्या मागच्या टोकामागून एकेक स्पर्धक निसटत जातो. हजार शिडे वाऱ्यात फडफडत त्या सशाची वाट पाहत असताना जो ध्वनी होतो, त्याने बोलणे तर अशक्य होतेच, पण विचार करणेही कठीण होते, आणि हे योजनापूर्वक केलेले असावे असे मला वाटते, कारण त्या वेळी विचार करू दिला तर निम्मी मंडळी परत फिरतील. ग्रुइसाँहून पोर-ला-नुव्हेल बंदरापर्यंत किनाऱ्याला समांतर दहा किलोमीटर जावे, तेथील बोय्याला वळसा घालून परतावे, आणि हेच पुन्हा एकदा करावे, असा शर्यतीचा मार्ग. वारा जमिनीवरून समुद्राकडे रेटणारा. त्यामुळे हातून शीड सुटलेल्या माणसाने बचावनौकेची दृष्टी चुकवलीच, तर ओघाओघाने येणारी पुढील जमीन सार्डिनियाची. मार्गाचा हा तपशील मी घरी पत्रातून कळवला नव्हता.

या शर्यतीतील खऱ्या योद्ध्यांची गोष्ट निराळी. आंत्वान आल्बो हा फ्रेंच वीर येथे अनेकदा जिंकलेला. त्याने २०१५ साली नामिबियातील लुडरिट्झच्या कालव्यात ५३.२७ नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ ९९ किलोमीटर, वेग गाठून जागतिक विक्रम केला होता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाटाखाली ज्या वेगाने गेल्यास दंडाची पावती घरी येते, त्या वेगाच्या आसपास एक मनुष्य लाकूडवजा फळीवर उभा राहून गेला! अशा मंडळींना हे सर्व अंतर तोडण्यास तासभरही लागत नाही. माझी आणि अग्रभागी असलेल्या त्या मंडळींची त्या दिवशी तीनदा भेट झाली, दोनदा समोरून आणि एकदा मागून, आणि तिन्ही भेटी फार त्रोटक होत्या.

पोर-ला-नुव्हेलच्या बोय्यापाशी जे चालले होते, त्यास शर्यत म्हणण्यापेक्षा बेदावा मिळकतीवरील ताबा म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. वळणे हे या विद्येतील सर्वांत अवघड काम. ते शंभर-दीडशे जणांना एकाच जागी, एकाच वेळी आणि कमालीच्या लाटांत करायचे असल्यामुळे, बोय्याभोवती फळ्या, काठ्या, शिडे आणि मधूनमधून शिरे यांचा एक ढीग साचला होता, आणि त्यातून युरोपातील झाडून सर्व भाषांतील अपशब्द समान हक्काने बाहेर पडत होते. वाटेचा अग्रहक्क ज्याचा असेल त्याने तो ओरडून सांगावा असा सागरी शिरस्ता आहे. सर्वजणच ओरडत असल्यामुळे हक्क सर्वांचाच सिद्ध झाला होता. मी माझा हक्क मराठीत नोंदवला. त्या ढिगात माझ्या शेजारी एक बेल्जियन गृहस्थ आपल्या फळीस कवटाळून तरंगत होते. लाट आली की आम्ही दोघेही अदृश्य होत असू आणि ती ओसरली की मागील वाक्य पुढे चालू होई.

"आपण कोठून?" त्यांनी विचारले.

"मुंबईहून."

लाट.

"खास याकरिता?"

"होय."

लाट.

"तिकडे समुद्र नाही?"

या प्रश्नाचे साग्र उत्तर देण्यास सरखेल आंग्र्यांपासून आरंभ करावा लागला असता, आणि तेवढ्या अवधीची लाटांकडून मुभा मिळण्यासारखी नव्हती. तेव्हा मी केवळ मान डोलावली, त्यांनीही डोलावली, आणि वारा सापडताच आम्ही आपापल्या वाटेने पुढच्या ढिगाकडे निघालो.

मी शर्यत पुरी केली, मुदतीत केली, आणि निकालपत्रक ज्यांना शेवटून वाचण्याची सवय आहे त्यांना माझे नाव शोधण्यास विलंब लागला नसता, एवढे या बाबतीत पुरे. परंतु त्या मेळ्यात दुसराही एक अनुक्रम चालतो हे मला सायंकाळी उमगले. कोण पहिला आला यात दहा-वीस जणांखेरीज कोणास स्वारस्य नसते. कोण सर्वांत दुरून आला, यात मात्र सर्वांस असते. माझ्या शिडावरील भारताची अक्षरे पाहून मंडळी उठून जागा देत, पाठ थोपटीत, माझ्याबरोबर छायाचित्र काढून घेत. आम्ही जेथे उतरलो होतो त्या तळाच्या वृद्ध मालकिणीने तर सर्वांत दुरून आलेल्या परदेशी पाहुण्यास कॉर्बिएरची एक बाटली देण्याचे जाहीर केले, आणि सुमारे ७,००० किलोमीटरांच्या बळावर ती माझ्या हाती आलीही.

तेवढ्यात मागल्या टेबलावरून न्यू कॅलेडोनियातील एक दंतवैद्य उठून उभे राहिले. ते नुमेआहून, म्हणजे पॅसिफिक महासागराच्या पार टोकाकडून, १६,००० हून अधिक किलोमीटर प्रवास करून आले होते, आणि त्यांनी बाटलीवर रीतसर हरकत घेतली. मी उलट असे मांडले की, न्यू कॅलेडोनिया हा फ्रेंच प्रदेश असल्यामुळे फिर्यादी परदेशी नाहीत. त्यांना व्हिसा लागला नाही, चौकोनावर खूण करावी लागली नाही, आणि फ्रान्सच्या दप्तरी ते देशातल्या देशात गावाला आलेले आहेत. मालकीणबाईंस हा मुद्दा पटला. दंतवैद्यांनी, अर्धी पृथ्वी ओलांडून आलेल्या मनुष्यास गावकरी ठरवणे हा भूगोलाचा अपमान आहे, असा प्रतिवाद केला. मालकीणबाईंस हाही मुद्दा पटला. मग जर्मन अभियंता, पोलिश आजोबा आणि बोय्यापाशी भेटलेले बेल्जियन गृहस्थ, असे तिघांचे पंच नेमण्यात आले. त्यांनी वादातील बाटली जप्त केली, मुद्देमालाची खातरजमा केल्यावाचून निर्णय देता येणार नाही असे एकमताने ठरवले, बूच काढले, आणि पंचनामा इतक्या बारकाईने केला की त्याच्या अखेरीस वादविषयच शिल्लक उरला नाही. निकाल राखून ठेवण्यात आला आहे.